रविवारची बाटली

सातपूर, नाशिक
रविवार, ५ जानेवारी २०२५

चि. रोहिणीस,
मावशीचा सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं यंत्र सुखरूप आहे हे आधी सांगते, म्हणजे पुढचं पत्र तू नीट वाचशील. कॉलनीच्या मागच्या सांडपाणी केंद्रावर आपला ऑपरेटर नवनाथ त्याला रोज पुसून काढतो. एवढी काळजी त्याने स्वतःच्या मोटरसायकलची कधी घेतली नाही, असं त्याची बायको सगळ्यांना सांगत फिरते.

तू दिलेली पुस्तिका मी दोनदा वाचली. उदयोन्मुख खेळाडू ऐकले होते, उदयोन्मुख गायिका ऐकल्या होत्या. उदयोन्मुख प्रदूषकं पहिल्यांदाच वाचली. आपण घेतलेली औषधं शरीरातून बाहेर पडून सांडपाण्यात जातात, केंद्रातले जिवाणू मैला खातात पण औषधाला तोंड लावत नाहीत, आणि ती तशीच नासर्डीतून गोदावरीला मिळतात, एवढं मला कळलं. तुझ्या यंत्रातला नारळाच्या करवंटीचा कोळसा ती धरून ठेवतो, हे पटायला मात्र वेळ लागला. तुझ्या काकांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात छत्तीस वर्षं काढली. त्यांचे सदरे धुताना कोळशाने काळं झालेलं पाणीच मी पाहिलं आहे. कोळशाने स्वच्छ झालेलं पाणी पाहायला ते हवे होते. यंत्रापाशी खुर्ची टाकून बसले असते आणि नवनाथला कामच करू दिलं नसतं. त्यांना जाऊन परवा चौदा महिने झाले.

तू इथे येऊन घेतलेल्या सभेचा बायकांवर फार परिणाम झाला. उद्या नमुना घेणार, कॉलनीच्या पाण्यात कोणकोणती औषधं आहेत ते तपासणी समितीला कळणार, म्हणून आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष उज्वला यांनी ग्रुपवर फर्मान काढलं, की पाहुणे येण्याआधी आवरतो तसं सगळ्यांनी घर आवरायचं. सकाळपासून घरोघरी तेच चाललं आहे. मीही माझ्या परीने आवरलं. तुझी मान आम्ही खाली जाऊ देणार नाही.

वेळेवर जेवत जा. लोभ आहे तेवढा पुरे; वाढवलास तर या वयात सांभाळता येणार नाही.

तुझी,
लतामावशी


नागपूर
१८ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
सविनय जय भीम. वि. वि.

वाईट बातमी आधी सांगावी, ही तुझीच शिकवण. सोमवारच्या नमुन्यात यंत्र नापास झालं.

आम्ही सगळी तपासणी एका औषधावरून करतो. ते फिट्सच्या गोळ्यांमध्ये असतं आणि फार चिवट असतं. ते अडवता आलं तर बाकीची बरीच अडवता येतात. एरवी कॉलनीतून ते जितकं आत येतं, त्याच्या पाचपट सोमवारी यंत्रातून बाहेर पडलं. म्हणजे कोळशाने आधी धरलेलंसुद्धा सोडून दिलं असणार. कोळसा मी निवडला, थर किती जाड ठेवायचा तेही मीच ठरवलं. आत येणाऱ्या पाण्याची एक बाटली नवनाथदादा रोज भरून गोठवतात आणि आठवड्याच्या आठवड्याला इकडे पाठवतात, पण त्यांतली महिन्यातून एकच आम्ही तपासतो, बाकीच्या तशाच गोठवलेल्या राहतात. त्यामुळे ताडून बघायला त्या दिवसाचा आकडाही हातात नाही.

साहेब म्हणाले की नमुना खराब झाला असं लिहू आणि दुसरा घेऊ. मी नको म्हटलं. कारण सापडल्याशिवाय नावडता आकडा खोटा ठरवायचा, हे मला जमणार नाही. १ फेब्रुवारीला समितीला कळवायचं आहे की रचना चुकली. मग यंत्र उचलून आणतील. तीन वर्षांचं काम होतं, मावशी. नवनाथदादांना एवढ्यात सांगू नकोस.

तुझे गुडघे कसे आहेत? माझ्यावर रागावू नकोस आणि आहे ती माया कमी करू नकोस.

तुझी,
रोहिणी


सातपूर, नाशिक
२३ जानेवारी २०२५

चि. रोहिणीस,
जय भीम. आशीर्वाद शेवटी देते, आधी कबुली.

फोनवर तुला अर्धं सांगितलं आणि पुढे मला बोलवेना. लिहून, सही करून पाठव म्हणालीस ते बरं केलंस. कागद मध्येच हुंकार देत नाही.

तुझी रचना चुकली नाही. आम्ही चुकलो. त्या रविवारी आम्ही जे आवरलं ती घरातली जुनी औषधं होती. पाण्यात औषध सापडू नये तर घरातच ठेवायचं नाही, एवढी आमची अक्कल. आणि टाकायचं कुठे? कचऱ्यात टाकलं तर गाई खातील. म्हणून सगळ्यांनी संडासात टाकून वर दोन दोन बादल्या पाणी ओतलं. पुस्तिका दोनदा वाचलेली मी, पण ते पाणी तुझ्याच यंत्राकडे जातं हे मलाही सुचलं नाही. पोटातून गेलं तर ते औषध आणि हातातून गेलं तर तो केर, असं काहीतरी डोक्यात बसलेलं असावं.

तुझं पत्र आलं तशी वही घेऊन घरोघर फिरले. पहिल्या फेरीत कोणाच्याच घरात कधी औषध नव्हतं. कुसाबाई म्हणाल्या, त्यांनी जन्मात आल्याच्या काढ्याशिवाय काही घेतलं नाही. त्यांच्या मागे उभ्या सुनेने मला पाच बोटं दाखवली. उज्वला तर माझ्यावरच चिडल्या, की मी कॉलनीची अब्रू चव्हाट्यावर मांडते आहे. मी त्यांना म्हटलं, अब्रू आपण सगळ्यांनी मिळून रविवारीच वाहवून टाकली आहे. आता एका पोरीने आपल्या चुकीखाली स्वतःचं नाव लिहायला घेतलंय, ते तेवढं थांबवायचं आहे. मग ठरलं, की नाव लिहायचं नाही, फक्त औषध आणि किती ते लिहायचं. तेव्हा दारं उघडली. एकीने जिन्यात गाठून कानात सांगितलं आणि रडली. दहा वर्षं शेजारी राहून मला तिचा आजार माहीत नव्हता. ती कोण हे तुलाही सांगणार नाही. एकोणीस घरांची यादी वेगळ्या कागदावर सोबत जोडली आहे. समितीला तो कागद दे.

त्या यादीत फिट्सच्या गोळ्या एकाच घराच्या आहेत, आणि तिथे मी नाव लिहिलं आहे. माझं.

काकांच्या डोक्यातल्या गाठीमुळे त्यांना फिट्स यायच्या. शेवटी डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन महिन्यांच्या दिल्या म्हणजे तीन महिने आहेत, असं मी धरलं. ते बाराव्या दिवशी गेले. एकशे छप्पन्न गोळ्या उरल्या. कोणाला देता येईनात, टाकवेनात. रोज कपाट उघडलं की समोर. टाकायला मला काहीतरी निमित्त हवं होतं आणि तुझ्या नमुन्याचं मिळालं. एकेक गोळी पाकिटातून काढत बसले, तास गेला. उठले तेव्हा हलकं वाटलं होतं, हेही लिहिते, कारण कबुली अर्धी देऊ नये.

नवनाथला विचारलं. रविवारी सकाळी अकरा वाजता त्याने आत येणाऱ्या पाण्याची बाटली भरली होती, आणि ती तुमच्याकडे पोचली आहे. ती बाटली उघड, रोहिणी. तिच्यात आम्ही सगळ्या सापडू.

आता आशीर्वाद. साहेबांना नाही म्हणालीस, ते मी दोनदा वाचलं. तुझी आई असती तर तिने गल्लीभर सांगितलं असतं. माया कमी न करण्याचा अर्ज मंजूर आहे.

तुझी,
लतामावशी


नागपूर
११ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
सविनय जय भीम. वि. वि.

रविवारची बाटली उघडली. नेहमीच्या अडीचशेपट औषध होतं. पहिल्यांदा आमच्या तपासनिसाला वाटलं उपकरण बिघडलं, म्हणून त्याने तीनदा तपासलं. एक गोळी म्हणजे अख्ख्या कॉलनीच्या पाण्यातलं तीन दिवसांचं औषध, आणि तू एका तासात एकशे छप्पन्न सोडल्यास. रविवारी अडीचशेपट आत आलं आणि केंद्रातून फिरून सोमवारी पाचपट बाहेर गेलं. म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग कोळशाने धरले. इतकी कठीण परीक्षा ठरवून घ्यायचं धाडस आमच्यापैकी कोणीच केलं नसतं.

समितीने अहवाल उशिरा स्वीकारला, पण स्वीकारला. तुझ्या यादीशिवाय नुसत्या बाटलीवर त्यांनी विश्वास ठेवला नसता. बाकीच्या अठरा घरांची औषधंही बाटलीत जशीच्या तशी निघाली. यंत्र तिथेच राहणार, आणखी वर्षभर. ती यादी अहवालाला जोडायची आहे. तुझं नाव काढून टाकू का?

दोन भाग निसटले याचं मला वाईट वाटतं. काकांच्या गोळ्या होत्या. निदान त्या तरी सगळ्या धरायला हव्या होत्या.

तू त्या दारांतून कशी फिरली असशील, हे रोज डोळ्यांपुढे येतं. आम्ही इथे नमुने गोळा करतो. तू खरं बोलणं गोळा केलंस. तुझ्या सावलीत जागा असू दे.

तुझी,
रोहिणी


सातपूर, नाशिक
१६ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणीस,
सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाव काढू नकोस. उलट त्यापुढे काकांचं नाव लिही, भिकन. गोळ्या त्यांच्या होत्या. तुझं पत्र मंडळात वाचून दाखवलं तेव्हा उज्वलांनी विचारलं, की आता आपली नावं घालता येतील का. मी म्हटलं, पास झालेल्या परीक्षेला बसायला सगळेच तयार असतात. मग जुन्या औषधांसाठी फाटकापाशी पेटी बसवायचं त्यांनीच मनावर घेतलं.

त्या दोन भागांचं मनाला लावून घेऊ नकोस. त्यांच्या आजारात मोठे डॉक्टर होते, मी होते, तू रजा काढून आली होतीस. आपण सगळे मिळून शंभरातला एक भागही थांबवू शकलो नाही. तू एकटीने अठ्ठ्याण्णव थांबवलेस. मी यंत्रापाशी जाऊन उभी राहिले होते काल. नवनाथने बाहेर पडणारं पाणी काचेच्या ग्लासात धरून दाखवलं. त्यात दिसण्यासारखं काहीच नव्हतं, तरी आम्ही दोघं बराच वेळ बघत होतो.

एक विनंती. पुढचा नमुना कधी घेणार ते आम्हाला आधी सांगू नकोस.

तुझ्या वाटणीची माया इथे राखून ठेवली आहे. सुट्टी काढ आणि येऊन घेऊन जा.

तुझी,
लतामावशी