माझ्या हाडांतलं ताईचं राज्य

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कुरकुर न करता जिना चढत असतील, भावोजींचं घोरणं आणि त्यावरचं तुझं बोलणं दोन्ही नेमाने चालू असेल, असं धरून चालतो. इकडे मी बरा. म्हणजे तुझ्या कमरेच्या हाडातून काढून मला दिलेला गाभा (डॉक्टर अस्थिमज्जा म्हणतात, पण मी पडलो सुतार) माझ्यात टिकतो की नाही, हे अजून ठरायचंय. पण भूक लागते आणि चिडचिड होते, त्यामुळे मी जिवंत आहे याबद्दल घरात दुमत नाही.

आमच्यासारख्यांचा तपासणीचा दवाखाना वेगळा असतो. तिथे खोकणाऱ्याकडे सगळे चोर सापडल्यासारखे बघतात. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, खुर्च्या लांब लांब, त्यामुळे मी माणसं आवाजावरून ओळखतो. माझ्या मागे बसणारे निवृत्त मास्तर परवा बायकोला सांगत होते, ‘अगं, मला तान्ह्या मुलांची त्रिगुणी लस देणारेत!’ खरंच देतात. जुन्या रक्ताबरोबर लहानपणीच्या लशींचा असरही पुसला जातो म्हणे. मी सिस्टरला विचारलं, ‘रडलो तर चॉकलेट मिळेल का?’ ती म्हणाली, ‘आधी रडून तर दाखवा.’ कारखान्यात जायला अजून बंदी आहे, कारण भुशातली बुरशी फुप्फुसात जाऊन बसते. म्हणून मी फोनवर करवतीचा आवाज ऐकतो आणि पातं बोथट झालंय ते इथून सांगतो. (फोरमन म्हणतो, ‘शेठ, आजारी तुम्ही आणि ताप आम्हाला.’)

आता मुख्य गोष्ट. माझ्या रक्तात तुझ्या पेशी किती आणि माझ्या जुन्या किती, हे ते अधूनमधून तपासतात. बहिणीचं भावाला दिलेलं असल्यामुळे हिशेब सोपा : बाईच्या पेशी तुझ्या, पुरुषाच्या माझ्या. मागच्या खेपेला माझं रक्त पुरतं बाईचं निघालं होतं. (तुझी भावजय म्हणाली, ‘तरीच हल्ली ऐकून घेता.’) या खेपेला रिपोर्ट हातात आला, तर पुरुषाच्या पेशी वाढलेल्या! ताई, मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. मास्तरांना सांगितलं, घरी फोन केला, कारखान्यात सगळ्यांना माझ्यातर्फे चहा सांगितला आणि डॉक्टरांसमोर छाती काढून बसलो. म्हटलं, ‘परत आलो बघा आम्ही!’

या दाढीवाल्या डॉक्टरांना बोलताना पेन टिकटिकवायची सवय आहे. ती टिकटिक थांबली. म्हणाले, ‘काका, तुमच्या जुन्या पेशी परत आल्या, तर त्यांच्या मागून जुना आजारही येऊ शकतो. आम्हाला इथे ताईच हव्यात.’

चहा रद्द केला. मास्तर म्हणाले, ‘मी मघाशीच ओळखलं होतं, पण तुम्ही इतके खुशीत होतात की बोलवेना.’

बाकी सर्व ठीक. जपून राहा.

तुझा,
धाकटा

ता. क. मागची खोली रिकामीच आहे. तुला हवापालट होईल. चार दिवस येऊन जा.

पुन्हा ता. क. येतेच आहेस तर, माझ्या जुन्या पेशींना हुसकावून लावायला डॉक्टरांना तुझ्या थोड्या पांढऱ्या पेशी हव्या आहेत. या वेळी कमरेत सुई नाही. खुर्चीत बसायचं, एका हातातून रक्त यंत्रात जातं आणि दुसऱ्या हातातून परत येतं. तोंड बोलायला मोकळं राहतं, हे मी मुद्दाम विचारून घेतलंय. तुझ्या पेशी आल्या की माझ्याशी भांडतील, अंगावर पुरळ येईल, पोट बिघडेल. डॉक्टर म्हणतात, थोडं भांडण झालेलं बरं. मी म्हटलं, आमच्या ताईला थोडं जमत नाही.

शेवटचा ता. क. पत्र तुझ्या भावजयीने वाचलं. म्हणाली, ‘एवढी दोन पानं लिहिलीत, आणि रात्रभर जागे असता ते कुठे लिहिलंय?’ तर ते राहिलं होतं. ये, ताई.