उत्तमरावाच्या मोरीतली लक्ष्मी

मुक्काम अमरावती, परकोटाच्या आत, कापसाची पेठ
मार्गशीर्ष, शके १७८६

तीर्थरूप नत्थुजीमामा अन् पार्बतामामी यायच्या पायावर, दारात पाय ठेवाची बंदी असलेल्या सूर्यभान भाच्याचा उंबरठ्याच्या बाहेरूनच दंडवत. मी इकडं खुशाल हावो. तुमचे गुडघे कसे हायेत? पांढऱ्या बैलाच्या खांद्याची जखम भरली का? मोरना नदीले पाणी किती हाय, मामीचा खोकला गेला का, वांगे कसे लागले, शकुन कशी हाय, अन् तुमच्या न्हाणीतलं पाणी बरोबर जाऊन राहिलं ना? (हे शेवटचं सहज इचारलं.)

मामाले वाचता येत नाही, म्हणून हे पत्र पटवारीबुवा ओसरीवर बसून वाचतीन, हे मले ठाव हाय. तं बुवा, कंसात जे लिहिलं ते तुमच्यासाठी हाय, ते मामाले वाचून दाखवू नका. (अन् शकुनचं नाव जिथं येईन तिथं आवाज जरा मोठा करा, ती माजघरात दाराच्या मागं उभी असन.) पत्र बाळबोध अक्षरात हाय, त्याले हसू नका. पंतोजी म्हणत, पयले बाळबोध, मंग मोडी. मोडी शिकाच्या आंधीच मी पंतोजीच्या बैठकीखाली खाजकुयरी ठेवली अन् माहं शिक्षण सरलं.

मामा, चैत्रात तुमी म्हणाले होते, की हाताले काम लागल्याबिगर अन् ते काम चार लोकायनं पाहिल्याबिगर माह्या दारात पाय ठेवू नको. तुमचं चुकलं नोहतं. तुमचं पागोटं पाटाच्या तोंडात मीच कोंबलं होतं. तुमी सकाळपासून मोट हाकून राहिले, बैलायच्या तोंडाले फेस आला, अन् सारं पाणी शेजारच्याच्या मिरच्याले गेलं. तुमी वरून काठी घालून घालून ढोसलं, तं पागोटं आणखीनच घट्ट बसलं. मंग मी खालच्या तोंडाकडून हात घातला अन् एका झटक्यात बाहेर ओढलं. त्या कामाची मजुरी तुमी माह्या पाठीवर देल्ली. पण तवाच मले समजलं, की तुंबलेलं वरून ढकलाचं नसते, खालून ओढाचं असते. माहा आजचा सारा धंदा या एका गोठीवर उभा हाय, अन् ती गोठ तुमच्या मळ्यातली हाय. म्हणून तुमी माहे गुरू. धंद्याचं नाव आयकल्यावर हे नातं तोडू नका.

आता धंदा सांगतो. (बुवा, मामाले पयले पाण्याचा गडवा द्या.) मी लोकायच्या घरातल्या मोऱ्या मोकळ्या करून देतो.

उठू नका मामा, पुरं आयका. तिकडं सातासमुद्रापलीकडं गोऱ्यायची आपसात लढाई लागली, हे तुमाले ठाव हाय. पण त्या लढाईनं अमरावतीच्या मोऱ्या तुंबल्या, हे तुमाले कोणी सांगतलं नसन. तिकडचा कापूस बंद झाला म्हणून इकडच्या कापसाले असा भाव, की लोकायनं बैलाच्या शिंगाले चांदी मढवली. अन् भाव आणखी चढन म्हणून पुष्कळ लोक कापूस इकतच नाहीत, घरात भरून ठेवतात. ओसरीत कापूस, माडीवर कापूस, न्हाणीच्या बाजूच्या खोलीत कापूस. एका घरी तं देवाले कापसाच्या ढिगावर बसवलं, अन् पूजा करताना बाप्पा दर खेपेले थोडा थोडा खाली जाते. घरात साऱ्यायच्या अंगाले कापूस चिकटलेला. तो कापूस, शिकेकाईचा चोथा, चुलीची राख अन् बायकायचे केस, हे सारं मोरीत जमते अन् त्याचा असा जाड नमदा होते, की घोड्याच्या पाठीवर टाकून बसावं.

आता यातली गंमत पाहा. बाहेरची नाली ज्या लोकायकडून साफ करून घेतात, त्यायले हे घरात पाय ठेवू देत नाहीत. अन् घरचा माणूस मोरीत हात घालत नाही. म्हणजे न्हाणीपासून भिंतीपर्यंत जी पाच-सात हात मोरी हाय, तिले साऱ्या पेठेत कोणी वालीच नाही. मी इथं बाच्या वळखीच्या एका माळ्याकडं फुलं पोचवाच्या कामाले लागलो होतो. रोज सकाळी परडी घेऊन थेट देवघरापर्यंत जात होतो अन् कोणी अडवत नोहतं. एक दिवस मनात आलं, की देवघरापर्यंत जाणाऱ्या माणसाले न्हाणीपर्यंत कोण अडवन? दुसऱ्या दिवशी परडीत फुलायखाली बांबूच्या लांब लांब कामट्या अन् काथ्याची दोरी टाकून गेलो, अन् श्रावणापर्यंत पाच मोऱ्या मोकळ्या केल्या. जातीतले म्हातारे म्हणाले, पंचायत बसवतो. मी म्हटलं, बसवा जी, पण जलमभर शेणखतात कोपरापर्यंत हात घालता, मंग मोरीतल्या गाळानं काय घोडं मारलं? त्यायच्यातल्याच एकाची मोरी आठ दिसापासून तुंबली होती. तो मले बाजूले घेऊन गेला. मोरी त्याच दिवशी मोकळी झाली, पंचायत अजून बसाची हाय.

आता चार लोकायनं पाहिलेलं काम सांगतो. तुमी चार म्हटले होते, पण बायकाच चाळीस होत्या.

आमच्या पेठेत उत्तमराव म्हणून एक कास्तकार हाय. दोन सालामागं तुमच्या-माह्यासारखा धोतराचा काष्टा खोचून वावरात राहे. कापसानं त्याले इटांचं दोन मजली घर देल्लं अन् कानात भिकबाळी देल्ली. घरात त्याची माय गोदाबाई. माय अशी, की तिच्यासमोर उत्तमरावाची भिकबाळीही हालत नाही. गेल्या सालचा कापूस न्हाणीच्या बाजूले भरलेला. त्यातल्या सरक्या वाहून वाहून मोरीत गेल्या, तिथल्या गाळात रुजल्या, अन् ऐन दिवाळीत न्हाणीतल्या मोरीच्या तोंडातून पऱ्हाटीचं एक हिरवंगार रोप वर आलं. मी त्या दिवशी झेंडू पोचवाले गेलतो. (बुवा, हे मनातच वाचा. तिथं धुणं धुणाऱ्या बाईले हसवाले म्हणून मी त्या रोपाले हात जोडले, झेंडूचं फूल वायलं, अन् म्हटलं, पाहा, उत्तमरावाच्या घरी लक्ष्मी मोरीच्या वाटेनं आली. माह्या मागं गोदाबाई उभी होती. मले दिसली नाही.)

झालं. म्हातारीनं हळद-कुंकू आणलं, निरंजन आणली, अन् फर्मान काढलं की या रोपाच्या पानाले कोणी हात लावाचा नाही. साऱ्या पेठेतल्या बाया दर्शनाले येऊ लागल्या. येणारी दर बाई एक तांब्या पाणी घाले. आता ते रोप मोरीचं बूच, अन् त्या बुचावर चाळीस तांबे पाणी. चार दिसात न्हाणी भरली, मंग पाणी ओसरीत आलं, मंग कापसाच्या खोलीकडं निघालं. उत्तमराव ओसरीत बाज टाकून, बाजेवर उभा राहून आंघोळ करे. शेवटी त्यानं मले बोलावलं अन् हळूच इचारलं, हे काढता येईन काय? मी म्हटलं, एका झटक्यात. तेवढ्यात आतून गोदाबाईचा आवाज आला. "सूर्यभान, एक पान जरी सुकलं ना, तं तुले या पेठेत परडी घेऊन फिरू देणार नाही. लक्ष्मी हाय म्हणून तूच सांगतलं होतं."

मामा, त्या दिवशी मले पयल्यांदा भेव वाटलं. माही सारी रोजी त्या एका परडीवर. परडी गेली तं देवघर गेलं, देवघर गेलं तं न्हाणी गेली, अन् तुमचं दार तं जलमाचंच बंद. ओढलं तं रोप मरते, नाही ओढलं तं घर बुडते. अन् हे सारं माह्याच तोंडानं झालेलं. मी बाजेच्या काठावर बसून इचार केला, की नत्थुजीमामा इथं असते तं काय करते? पयले मले मारते, हे खरं. पण मंग काय करते? मंग आठवलं. तुमी वांग्याचं रोप एका वाफ्यातून दुसऱ्यात नेता, तवा मुळायले हात लावत नाही, मातीचा सारा गड्डाच उचलता. मोरीतला गड्डा म्हणजेच तं माहं गिऱ्हाईक.

मी गोदाबाईले म्हटलं, आजी, लक्ष्मी दारात आली, पण तिले मोरीत उभी ठेवली हाय. भादव्यात महालक्ष्म्या येतात, तवा आपण त्यायले उंबरठ्यावरच ठेवतो काय? वाजतगाजत आत नाही आणत? म्हातारीनं लगेच साऱ्या पेठेले बोलावणं धाडलं. न्हाणीपासून अंगणातल्या तुळशीपर्यंत कुंकवाचे पावलं काढले. तुळशीच्या बाजूले मी आळं खणून ठेवलं. बाया ताटल्या वाजवून राहिल्या, अन् मी न्हाणीत पोटावर झोपून, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून, चारी बाजूनं काथ्या बांधलेली कामटी फिरवून राहिलो. उत्तमरावाले मी सांगतलं होतं, की तुमी बाहेर रस्त्यावर जा अन् मोरीच्या तोंडातून काथ्याचं टोक दिसलं की हाक द्या. (बुवा, वाकून पाहा असं मी म्हटलं नोहतं. ते त्याचं तोच वाकला.)

गड्डा सुटला. रोप दोन हातावर धरून मी उभा राहिलो, तं त्याच्या खाली मुळं, मुळायच्या खाली नमदा, अन् नमद्याच्या खाली तीन हात लांब काळी शेपटी. कापूस, केस, शिकेकाई, एक लाकडी फणी अन् उत्तमरावाच्या बायकोचं हरवलेलं जोडवं. बायायनं त्या शेपटीवरही हळद-कुंकू वायलं. अन् तेवढ्यात दहा दिसाचं पाणी जे निघालं, ते असा आवाज करत निघालं की ताटल्या बंद पडल्या. बाहेर उत्तमराव नव्या जरीच्या पागोट्यासकट मोरीच्या तोंडासमोर. तो आत आला तवा त्याची भिकबाळी तेवढी चमकत होती, बाकी उत्तमराव वळखू येत नोहता. त्यानं माह्याकडं पाहून तोंड उघडलं. गोदाबाई म्हणाली, "उत्तम, लक्ष्मी अंगावरून गेली तुह्या. चूप बस."

पण मामा, खरी परीक्षा मंगच झाली. अंगणात लावल्यावर रोपानं मान टाकली. दोन दिवस मी त्याच्यावर टोपली उपडी ठेवून बाजूले बसून राहिलो, चुळीनं पाणी घातलं, भाकर गिळली नाही. इतका सरळ मी उभ्या जलमात बसलो नोहतो. येणारी-जाणारी बाई टोपलीकडं पाहे अन् मंग माह्याकडं पाहे. तिसऱ्या दिवशी सकाळी गोदाबाईनंच टोपली उचलली. पानं वर उठली होती, अन् शेंड्याले एक नवं पान, उंदराच्या कानाएवढं. तिनं मले चुलीपाशी बसवून गरम भाकर अन् झुणका वाढला.

त्या दिवसापासून अकरा घरायचं बोलावणं आलं. पेठेतली दर बाई आता मोरीत वाकून पाहते, की लक्ष्मी आली काय. दोन ठिकाणी तांदूळ रुजलेले निघाले, एका ठिकाणी मेथी. मी सारं गड्ड्यासकट काढतो. पानाले धक्का नाही, हे आपलं वचन. परडी अजून हाय, कामट्या आता लपवत नाही, अन् गाळ मी माह्यापाशी ठेवतो. तं मामा, काम हाताले लागलं, लोकायनं पाहिलं, अन् गोदाबाई साक्ष द्याले तयार हाय. तुमच्या दाराचा इचार करा.

मामीले नमस्कार. शकुनले (मोठ्यानं) आशीर्वाद लिहाचा की काय लिहाचं, ते मले समजून नाही राहिलं, म्हणून जागा कोरी सोडली हाय.

तुमचा आज्ञेतला, म्हणजे आता तरी आज्ञेतला,
सूर्यभान

ता. क. तुमची मोटेची जुनी दोरी कामाची नसन तं धाडा. गाडीवान पंजाबा दर आठवड्याले अकोल्याले येते.

ता. क. दुसरं. तोच पंजाबा भादव्यात तुमाले जे काळं खत देऊन गेला, अन् ज्याच्यावर तुमचे वांगे नारळाएवढे झाले, अन् ज्या वांग्याचं भरीत तुमी साऱ्या आळीले वाढलं, ते खत कुठचं होतं, हे त्यानं सांगतलं नसन. पयल्या पाच मोऱ्यायचा गाळ होता तो. आता माह्या धंद्याले नाव ठेवाच्या आंधी पयले भरताले नाव ठेवा. आणखी दोन पोते या पत्रासंगं धाडून राहिलो.

ता. क. तिसरं. दोरी नाही धाडली तरी चालन. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क असते, तो मले पायजे. (बुवा, हे इतकं मोठ्यानं वाचा की मोरनेच्या पल्याडही आयकू जाईन.)

ता. क. चौथं अन् शेवटचं. पंजाबाच्या हातून मी शकुनले निरोप धाडला होता, की तुह्या मनात असन तं न्हाणीच्या मोरीत कापूस कोंब, मनात नसन तं पाणी वाहू दे. काल पंजाबा आला अन् म्हणाला, नत्थुजीच्या घरी चार दिवस झाले पाणी तुंबलं, अन् मामा बाजेवर उभे राहून आंघोळ करून राहिले. म्हणून मी आज पत्र लिहाले बसलो. तिले रागावू नका, मामा. वरून काठीही घालू नका, आणखीनच घट्ट बसन. खालूनच ओढा लागते. मी सोमवारी येतो. बाहेरचं काम उंबरठ्याच्या बाहेरून करीन, पण न्हाणीपर्यंत पोचाले दार तं उघडाच लागन.