बेंबीखालची रेघ

६ जानेवारी
कांचघर भागातल्या पुनर्वसन केंद्रात आज दाखल झालो. खिडकीत ऊन आहे, चहा गोड आहे, आणि कारखान्यात शिडीवरून पडून पाठीचा कणा दुखावल्यापासून पहिल्यांदाच मला कोणी बिचारा म्हटलं नाही. इथल्या फिजिओथेरपिस्ट शरयू दीदींची एक रीत आहे. मी डोळे मिटायचे, त्या पिन टोचत खालून वर येणार, आणि टोचलेलं जिथे कळेल तिथे पेनाने रेघ ओढणार. माझी रेघ बेंबीखाली निघाली. तिच्याखालचं सगळं भाड्याने दिलंय, असं क्षमा म्हणाली. बायको असावी तर अशी.

१४ जानेवारी
मला पट्ट्यांनी तोलून ट्रेडमिलवर उभं करतात आणि पायांना विजेचे हलके झटके देतात. दीदी सांगतात, मनातल्या मनात चला. मी मनात ओमतीच्या बाजारात हिंडतो. आज उजवा पाय आपणहून पुढे पडला. क्षमा रडली, मीही रडलो. मग सगळ्यांना तिळगूळ वाटला.

१९ जानेवारी
डावा पायही चालू लागला. पण सकाळी मी स्वतःच रेघेवर पिन टोचून पाहिली, ती कळलीच नाही. बरगडीपाशी आल्यावर कळली. रेघ वर सरकली म्हटलं तर उपचार थांबवतील आणि खुर्चीतच घरी जावं लागेल. म्हणून दीदींनी तपासलं तेव्हा जुन्याच जागी मी अंदाजाने म्हणालो, टोचतं.

२७ जानेवारी
आधार न घेता चाललो. दीदी म्हणाल्या, इतकी प्रगती त्यांनी कधी पाहिली नाही. मी मनात चालत नव्हतो. मी थांब म्हणत होतो. पाय थांबले नाहीत. खरी रेघ आता छातीवर — मला भीती वाटते.

२ फेब्रुवारी
गळ्यापर्यंत. हातही कळत नाहीत, तरी कामं करतात. क्षमा विचारते, सगळं चांगलं होऊन राहिलं, मग तुम्ही काहून उदास?

४ फेब्रुवारी
आज दीदींना खरं सांगणार होतो. शेवटची तपासणी म्हणून त्यांनी थेट हनुवटीपर्यंत पिन टोचली. काही कळलं नाही. नाही म्हणायचं होतं. तोंड म्हणालं, टोचतं. हसलंसुद्धा —

५ फेब्रुवारी
पेन हातात आहे असं दिसतं. उद्या केंद्रातून सुट्टी. क्षमा गुणगुणत बॅग भरतेय.
मी बरा आहे.
हे मी लिहिलं नाही —
मी बरा आहे.
क्षमा, याच्यासोबत घरी जाऊ न—