मॉरीनच्या घरचा जिना

मी, वैजयंती प्रभाकर सोनटक्के, निवृत्त वास्तुविशारद, वय एक्याऐंशी, राहणार ४, स्टॉकिंगर्स रो, नॉटिंगहॅमजवळ, हे लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे व माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. कायदेशीर इंग्रजी प्रत वकिलांकडे आहे. ही मराठी प्रत माझी मुलगी मीनल हिने समजून घ्यावी म्हणून.

१. बचत, दागिने व पुस्तके एडिनबरा येथील मीनल हिला. घर तिला नाही. राग आला तर पुढचे कलम दोनदा वाचावे.

२. घर क्रमांक ४ हे जॅनेट हिला द्यावे. ती शेजारच्या पाच नंबरमधल्या मॉरीनची मुलगी. गावातच भाड्याने राहते आणि माझ्याशी बोलत नाही.

आमची ही सहा घरांची ओळ दोनशे वर्षांपूर्वी मोजे विणणाऱ्यांसाठी बांधली. यंत्रावर उजेड पडावा म्हणून वरच्या मजल्याला भिंतभर लांब खिडकी. बिल्डरला ही ओळच पाडायची होती. मी धावपळ करून तिला लिस्टेड, म्हणजे संरक्षित वारसावास्तूचा, दर्जा मिळवून दिला, तेव्हा पाच नंबरमध्येच जन्मलेली मॉरीन पावसात फलक धरून माझ्या बाजूला उभी होती.

पुढे तिला अर्धांगाचा झटका आला. चाकाची खुर्ची दारातून जाईना. दार रुंद करून गोल जिन्याच्या जागी लिफ्ट बसवायची परवानगी जॅनेटने कौन्सिलकडे मागितली. सभेत मी उठून बोलले: मूळ जिना आता फक्त पाच नंबरमध्ये उरला आहे, तो गेला तर परत मिळणार नाही. माझे ऐकले गेले. परवानगी नाकारली.

मॉरीन माझ्या मागेच बसली होती. बाहेर आल्यावर इकडच्या लाडाच्या शब्दात म्हणाली, "छान बोललीस, डक. तू नसतीस तर घरंच उरली नसती."

जॅनेट एवढेच म्हणाली, "चल, मम," आणि खुर्ची वळवली.

मॉरीन केअर होममध्ये गेली, त्या खर्चापायी पाच नंबर विकावे लागले, व पुढच्या हिवाळ्यात ती त्या होममध्येच वारली. जिन्याबद्दल मी बरोबर होते. मॉरीनबद्दल नव्हते, आणि ते मला त्या सभेतही ठाऊक होते.

३. ड्रॉइंग बोर्ड व गवंडीकामाच्या थाप्या नात दिया हिला. दिया, या भिंतींना चुनाच लागतो. सिमेंटने विटा कुजतात. दोन नंबरच्या हॉजकिन्सना हे मी तीनदा सांगितले. त्यांची मागची विनापरवाना प्लास्टिकची खिडकी मात्र मी कौन्सिलला कळवली नाही, याची त्यांनी जाण ठेवावी.

४. गेल्या वर्षी माझे गुडघे गेले. मी माझे दार रुंद करायची परवानगी मागितली. नियम आता सैल झालेत, लगेच मिळाली. चौकट काढली त्या दिवशी जॅनेट समोरच्या फुटपाथवर थांबून बघत होती. मी आत खुर्चीत बसून होते. तिला हाक मारली नाही.

५. जॅनेटने घर नाकारले तर मनधरणी करू नये. ते मीनलकडे जावे. घेतले तर तिने हवा तो बदल करावा, माझ्या नावाने कोणी अडवू नये.

मीनल, किल्ली पोस्टाने पाठवू नकोस. स्वतः तिच्या दारात जा आणि ती जे बोलेल ते मध्ये न बोलता ऐकून घे. ते मी ऐकायला हवे होते.

वाचून, समजून सही केली आहे.

वैजयंती प्र. सोनटक्के
नॉटिंगहॅम, ९ मार्च २०२५

आमच्या दोघींच्या समोर सही झाली:
१. भावना शिरसाट
२. उर्वी मोहिते