हातांना फुटलेली वाचा

२ नोव्हेंबर

चि. पोपटास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सर्दी गेली हे वाचून जीव भांड्यात पडला. पण जगातली सर्वांत जुनी भाषा कोणती यावर तीन पानं, आणि जेवणाखाण्याबद्दल एक ओळही नाही? ज्यांच्या अक्षरं कोरलेल्या मातीच्या विटा तू वाचत बसतोस, ते लोकसुद्धा काय खाल्लं ते लिहून ठेवायचे!

असो, आता माझं ऐक. घाईत लिहितेय, तेव्हा अक्षर सांभाळून घे. आमची बहिऱ्या मुलांची शाळा अजून नवीच आहे. मुलं आली तेव्हा बहुतेकांनी दुसरं बहिरं मूल कधी पाहिलंच नव्हतं. प्रत्येकाजवळ घरच्या चार-दोन खुणा होत्या: भूक, झोप, दुखतंय, नको. वर्गात आम्ही ओठ बघून बोलायला शिकवतो आणि हात बाकाखाली ठेवायला लावतो. हा मोठ्या बाईंचा नियम. त्या म्हणतात, उद्या यांना बोलणाऱ्यांच्या जगात राहायचंय, तिथे हातवारे कोण समजून घेणार? त्यांची कळकळ खोटी नाही रे.

पण काल मधल्या सुट्टीत मी खिडकीत उभी होते. मैदानात पोरांचा घोळका जमला होता आणि मधोमध भिंगरी. नऊ वर्षांची आहे, पायाला चाकं लावल्यासारखी फिरते, म्हणून हे नाव. तिचे हात भराभर चालले होते, बाकीच्यांचे डोळे त्यांवर खिळलेले, आणि एकदम सगळी पोरं हसून लोळायला लागली. पोपटा, तिने विनोद सांगितला होता! आम्ही शिकवलेलं नाही, त्यांच्या घरी कुणाला येत नाही. मग हे आलं कुठून?

आणि याच भिंगरीच्या नावापुढे ‘मंद’ असा शेरा पडलाय. वर्गात तिच्या तोंडून एक शब्द निघत नाही, म्हणून वडिलांना तिला घेऊन जायला बोलावलंय. ही भाषाच आहे, की तुझ्या ताईला वेड लागलंय, ते ताबडतोब कळव.

तुझीच वाट पाहणारी,
ताई

७ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आधी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून, मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा चहा सांडेपर्यंत त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. (जेवतोय. वेळेवर. पोळी करपते, पण खातो.)

ताई, माझ्या विटा फार तर पाच हजार वर्षांच्या. त्यांवर कुणी पहिली रेघ ओढली, तेव्हा भाषा केव्हाच म्हातारी झाली होती. त्याआधी माणसं किती काळ बोलत होती, पहिल्यांदा काय बोलली, कुणालाच ठाऊक नाही. बोलणं हवेत विरून जातं, त्याची हाडं मागे उरत नाहीत. या विषयावर इतके तर्क लढवले गेले, की एका विद्वत्सभेने त्यावरचे निबंध घेणंच बंद केलं होतं. आणि तू म्हणतेस मधल्या सुट्टीत, खिडकीतून!

आदिमानव असाच बोलू लागला असं मी म्हणणार नाही. ही मुलं तुझ्यामाझ्यासारखीच आजची माणसं आहेत. पण कुणी न देता भाषा उगवते कशी, ते तुझ्या मैदानात दिसत असेल. फक्त घाई करू नकोस. पोटावर हात ठेवून भूक दाखवणं ही खूण झाली. जे समोर नाही ते सांगता येतं का? कुणी कुणाला ढकललं, हा फरक कळवता येतो का? भिंगरीला एकटीला काहीतरी दाखव, मग ते तिला दुसरीला सांगू दे. आणि मोठ्या बाईंना समोर बसव. मी रजेचा अर्ज टाकतोय. वडिलांना तोवर थोपवून धर.

तुझा उतावळा,
पोपट

१५ नोव्हेंबर

चि. पोपटास,
अ. उ. आ. वि. वि.

झालं! सगळं एकदमच झालं, कुठून सुरुवात करू?

खोलीत मोठ्या बाईंना बसवून मी भिंगरीला बाहुल्यांचा खेळ दाखवला: माकडाने अस्वलाला ढकललं, अस्वल बादलीत पडलं. मग बाहेरून दांडगीला आत घेतलं. वयाने मोठी, सगळ्यांवर दादागिरी करणारी, म्हणून दांडगी. भिंगरीने दोन-चार खुणा केल्या, दांडगीने बाहुल्या उचलल्या आणि तस्सं करून दाखवलं. मग अस्वलाने माकडाला ढकललं. तेही बरोबर. मोठ्या बाई म्हणाल्या, योगायोग असेल, आता मी करते. त्यांनी मुद्दाम अवघड केलं: अस्वल पडता पडता वाचलं. भिंगरीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, बोटं हलवली, आणि दांडगीने अस्वल बादलीच्या काठावर डुगडुगवून परत उभं केलं. मी टाळ्याच वाजवल्या. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि खेळ पुन्हा करायला लावला. तोही जमला.

एवढ्यात वडील आले. रंगारी आहेत, नखांत निळा रंग. मला म्हणाले की बाई, तुमचा दोष नाही, तिचं नशीबच तसं. भिंगरी त्यांना बिलगली, मग मागे सरून उभी राहिली. शिवताना दोरा ओढावा तसा तिने हात ओढला, दूरवर बोट दाखवलं आणि दोन्ही रिकामे तळवे वडिलांपुढे उलगडले. वडील बाकावर बसले. त्यांनी मला सांगितलं, ती शिवायची खूण म्हणजे हिची आई. दोन वर्षांमागे ती दवाखान्यात गेली, परत आली नाही. या पोरीला कुणी काही सांगू शकलं नव्हतं, आणि तिला विचारता आलं नव्हतं. विचारायचं कसं, ते तिला या पोरांत येऊन सापडलं.

वडिलांनी डोळे मिटून मान एका खांद्यावर टेकवली आणि हातांनी माती सारखी केली. खरं तेच सांगितलं. भिंगरी रडली, खूप रडली. मग नाक पुसून तिने पुन्हा हात उचलले. ती विचारत होती, एकामागून एक, आणि वडिलांजवळच्या खुणा संपल्या होत्या.

मोठ्या बाईंनी काय केलं असेल? दांडगीला हाताला धरून बापलेकींच्या मधे बसवलं. मी निघाले तेव्हा अंधारून आलं होतं. भिंगरीला न्यायला बांधलेली पिशवी दाराशी तशीच पडलेली, आणि तो रंगारी आपली निळी बोटं दांडगीपुढे धरून, एक-एक खूण शिकत होता.

रजा मिळो न मिळो, निघून ये. पत्रातून तुझी माया पोचतेच, पण ती दाखवायला स्वतः ये.

तुझी,
ताई