सहीवाचून अडलेली बाटली

पोर्टलंड, ६ जुलै १९९८

ती. नोरीनताईस सा. न.

ब्रिजी शिबिरात पोचली हे कळलं, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. तिच्या सनस्क्रीनच्या फॉर्मवर डॉक्टरांची सहीच राहिली. ते मासेमारीला गेलेत, उगवतील वीस तारखेला. साध्या मलमाला औषधाचे नियम लावतात, काय म्हणावं! तू तिथली नर्स, त्यातून तिची सख्खी मावशी, तेव्हा सांभाळून घे. पोरीची कातडी बाबांवर गेली आहे, अर्ध्या तासात लालबुंद होते. उन्हाने बाबांच्या पाठीवरच्या तिळाचा कॅन्सर झाला, तो कसा पसरत गेला आणि त्यांना घेऊन गेला, ते आपण दोघींनी पाहिलंय.

माया असू दे.
तुझी घाबरट मॉइरा

तळ्यावरचं शिबिर, ९ जुलै

चि. मॉइरास अ. आ.

बाटली माझ्याच कपाटात कुलपात आहे. सहीशिवाय देता येत नाही, मोठ्यांनी चोळून द्यायचं नाही आणि मुलींनी एकमेकींचं वापरायचं नाही. हा शेवटचा नियम मीच करवून घेतला. गेल्या साली उसन्या मलमाने एकीचं तोंड इतकं सुजलं की डोळे मिटले. भाचीसाठी नियम वाकवला तर बाकी ऐंशी आयांना काय सांगू? ब्रिजीला लांब बाह्यांचा शर्ट आणि टोपी दिली आहे. तू लहानपणी वीज कडाडली की पलंगाखाली शिरायचीस, अजून तशीच आहेस बाई!

लोभ आहेच, तो वाढू दे.
नोरीन

तळ्यावरचं शिबिर, १३ जुलै

चि. मॉइरास अ. आ.

आधी सांगते, ब्रिजीचा ताप उतरला आहे. काल होड्यांच्या शर्यतीत ओला शर्ट जड झाला म्हणून तिने काढून ठेवला. संध्याकाळपर्यंत दोन्ही खांद्यांवर फोड आले, रात्री ताप चढला. पोर रडली नाही. एवढंच म्हणाली की बाटली मागायला ती दोनदा आली होती, पण मावशी नियमच सांगेल म्हणून दारातूनच परत गेली. मॉइरा, सव्वीस वर्षं मी नर्स आहे. मला भिऊन मुलं परत जातात, हे मला ठाऊक नव्हतं.

आज सकाळी कपाट उघडलं आणि तिच्या नाकाला, कानांना, मानेला माझ्या हाताने लावलं. मागे आणखी चार मुली येऊन उभ्या राहिल्या, सहीवाचून अडलेल्याच. त्यांनाही लावलं, जिचं तिचं. मग संचालकांना स्वतःच लिहून कळवलं. त्यांनी मला शनिवारपर्यंत सामान बांधायला सांगितलंय. ब्रिजीला घेऊनच येते.

डाग राहतील का, पुढे काय होईल, मला सांगता येत नाही. तुला हवं तेवढं मला बोल, गप्प मात्र राहू नकोस.

लोभ उरला असेल, तर तो असू दे.
नोरीन