नुसते आकडे

३ मार्च
आजपासून वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात कामाला लागले. झकास जागा! वेलदोड्याचा पाव गरम, कॉफी हवी तेवढी. आई इथंच, सात नंबरच्या खोलीत. डॉक्टर म्हणाले, फार तर आठवडा काढेल. म्हणून तर केमी गावाहून उठून आले. शेवटी जवळ असेन.

ऑफिसातला उर्पो रोज सकाळी प्रोग्रॅम चालवून सगळ्यांच्या तब्येतीचं वर्कबुक, म्हणजे आकड्यांची फाइल, उघडतो. ताप, नाडी, श्वास, एकेकाची एकेक ओळ. आकड्यांमागे सूत्रं असतात म्हणे, म्हणून आकडे आपोआप बदलतात. मला ओ की ठो कळलं नाही. उर्पो म्हणाला, राइया, तुला कळलं तर माझी नोकरी जाईल. आगाऊ मेला.

५ मार्च
फाइल उघडायला वेळ लागतो म्हणून उर्पोनं प्रोग्रॅमला सांगितलं, सूत्रं सोड, नुसते आकडे उचल. मग जुन्याच नावानं, जुन्यावरच सेव्ह केलं. आता चटकन उघडतं. स्वारी खुर्चीत मावत नव्हती. आईला ताप ३९.४ सेल्सिअस. फार कण्हते.

८ मार्च
ताप ३९.४. नाडी तीच. सुई टोचल्या जागी रक्ताचा थेंब आहे. पुसला की तेवढाच पुन्हा येतो. वाहत नाही, सुकत नाही. शेजारच्या खोलीतल्या तेल्लेर्वोआजीची उचकी तीन दिवस थांबलेली नाही. नर्स म्हणाली, प्रकृती स्थिर आहे, बरंच की! स्थिर म्हणे.

१४ मार्च
आठवडा कधीच उलटला. घास नाही, घोट नाही, नुसतं कण्हणं. म्हणते, राइया, सोडव गं. सूत्रं गेली त्या दिवसापासून सगळे जिथल्या तिथं अडकलेत. उर्पोच्या टेबलावर हात आपटला, सूत्रं परत घाल म्हटलं. तो पांढराफटक. म्हणाला, सेव्ह झालं की गेली ती. दुसरी प्रत ठेवलीच नाही.

१९ मार्च
फाइलीतला आकडा हातानं बदलून पाहिला. तापाच्या जागी ३७. सात नंबरात पळाले — कपाळ गार! पण कण्हणं तसंच. कण्हण्याला रकानाच नाही.

२० मार्च, सकाळ
आता एकच उरलं. नाडी शून्य. श्वास शून्य. उर्पो रडायला लागला, त्याचं बोट उठेना — सेव्हचं बटण मी दाबलं.

दुपार
छाती हलत नाही. हात बर्फ. डॉक्टरांनी सही केली, चादर ओढली, गेले —

चादरीखालून आईनं विचारलं, झालं का गं माझं? झालं म्हटलं मी. मग म्हणाली, अजून दुखतंय ते कसं?

शवपेटीवाले जिना चढतायत. त्यांना कसं सांगू, ही अजून —